मुलांना एकदा घाट चढू द्या



सहल म्हटलं की बस आणि आईस्क्रीम, हे आपलं ठरलेलंच. माझं स्पष्ट मत आहे, नववी-दहावीच्या मुलांची वर्षातून एक सहल सायकलवर काढावी, आणि तीही घाटातून.

लडाखची खारदुंग ला खिंड पाच हजार मीटरहून उंच. तिथे सायकल नेणाऱ्यांचे व्हिडिओ मुलं मोबाईलवर बघतात. आपल्या नगरहून (आता अहिल्यानगर) संभाजीनगर रस्त्याला लागलं की इमामपूर घाट आहे, तो मात्र त्यांनी फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो.

मागच्या डिसेंबरात आम्ही अकरा मुलं घेऊन निघालो. जेऊर मागे टाकलं, घाट उतरलो, पांढरीपुलाला चहा-नाश्ता केला आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर. उतरताना सगळेच हिरो! परतीच्या चढाला मात्र गिअरच्या सायकलवाले पहिल्याच वळणावर धापा टाकायला लागले. जोर लावून सुटले होते ना!

सर्वात संथ पण न थांबता चालली होती ती जुनी, बिनगिअरची सायकल घेऊन आलेली एक मुलगी. मी विचारलं तर म्हणाली, "सर, मी रोज वाऱ्याच्या उलटीच शाळेत येते. दम पुरवून वापरावा लागतो." शेवटच्या चढाला तीही उतरली आणि सायकल हातात धरून चालली. मग बाकीच्यांनाही उतरायची लाज वाटेना. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला आपण असं उतरून चालू देतो का?

खरं सांगू? हीच मुलगी येणार नव्हती. तिची आई म्हणाली होती, "पोरीची जात, घाटात कुठं सोडायची?" शेवटी वडील स्वतः मोटारसायकल घेऊन मागे आले, म्हणून ती आली.

वर पोचल्यावर मी विचारलं, "इथल्या डोंगरावर पडलेला पाऊस कुठे जाईल?" हरिश्चंद्र-बालाघाट रांगेमुळे गोदावरी आणि भीमेची खोरी वेगळी झाली, हे वाक्य सगळ्यांना पाठ. पण पायाखाली तोच डोंगर आहे हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. एका बाजूचं पाणी गोदावरीकडे, जायकवाडीला. दुसऱ्या बाजूचं सीनेत. एकजण म्हणाला, "म्हणजे पंढरपूरला?" नाही, सीना भीमेला मिळते ती पंढरपूरच्या बरीच पुढे. पुढे भीमा कृष्णेला मिळते. शेवटी दोन्ही पाणी बंगालच्या उपसागरातच! हा धडा त्यांना परत शिकवावा लागला नाही.

पालकांची भीती खोटी नाही. हा रस्ता ट्रकचा आहे. म्हणून आम्ही रविवारी पहाटे उजाडताच निघालो. आदल्या दिवशी प्रत्येक सायकलचे ब्रेक तपासले. हेल्मेट सक्तीचं, डाव्या कडेने एकामागे एक, मागे टेम्पो, पालकांची लेखी संमती. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, नुसता पुढचा नाही, हे मैदानावर आधी करून घेतलं. एवढी तयारी होत नसेल तर जाऊ नका, हेही तितकंच ठामपणे सांगतो. गावाजवळचा कमी वर्दळीचा चढ निवडा.

पण "मूल दमेल" हे कारण मला मान्य नाही. दमू द्या की! गेटपर्यंत गाडीवर सोडलेल्या मुलाला आपला दम किती आहे हे कळणार कधी? आणि मुलगी आहे म्हणून घरी ठेवली, तर जिला सर्वात जास्त येतं तिलाच आपण मागे ठेवतो.

तुमच्या गावाजवळ कोणता घाट आहे? यंदाच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन जाल का? जरूर कळवा.