पुडिंग, पान आणि पंडिता

मंडळी, पॉटलकची यादी करायला बसलं की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो : केकमध्ये अंडं आहे का? असल्याच गोष्टींवरून इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, ख्रिस्ती जोगिणींच्या मठात एकदा बरीच धुसफूस झाली होती. पंडिता रमाबाईंनी तिथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण शाकाहार काही सोडला नाही. जोगिणींना वाटे, हा जुन्या जातीचा ताठा! बाईंनी पत्रातून सडेतोड उत्तर दिलं, त्यात पाय-पुडिंगचाही उल्लेख आहे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, आमच्या संस्कृतने काय घोडं मारलंय, असा त्यांचा एकूण सूर. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ही पत्रं छापली, ती मिळवून वाचावीत.

पुढे १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी बाई फिलाडेल्फियाला आल्या आणि जवळजवळ तीन वर्षं हा देश पालथा घातला. परत गेल्यावर १८८९ साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. इथल्या बायकांच्या संस्थांचं भरभरून कौतुक केलं. पण काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना गोरे ख्रिस्ती कसे वागवतात, तेही झाकून ठेवलं नाही. ज्यांच्या देणग्यांवर शाळा काढायची त्यांच्याबद्दल असं लिहायचं! आपण तर ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत ऑफिसात हवापाण्यापलीकडे बोलत नाही.

बॉस्टनच्या मदतीने ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदासदन निघालं. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. शाळा धर्मप्रचारासाठी नाही, हे ठरलेलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण बाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करीत, आणि काही मुली येऊन बसत. दार लावून घेतलं असतं तर कदाचित गवगवा झाला नसता. तोवर सदन पुण्याला आलं होतं. १८९३ मध्ये 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. आम्हाला स्वतःला पालकांची धास्तीही समजते. त्या काळी घरातली मुलगी बाटली म्हणजे सगळं घर वाळीत. तरी दार लावायला बाई तयार नव्हत्या, हे खरं.

त्यांचं ख्रिस्तीपण सगळ्यात ठसठशीत दिसतं ते केडगावात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. जात कुणाची विचारायची? त्यांना शिकवायचं, हाताला काम द्यायचं, छापखाना चालवायला लावायचं. शेवटची वर्षं बाईंनी बायबलच्या भाषांतरात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, आणि तेही संस्कृतच्या पंडितेने, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत! खिळे जुळवणाऱ्या मुक्तिसदनातल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

आता आपल्या मंडळाकडे येऊ. नव्या कुटुंबाने आडनाव सांगितलं की कुणीतरी विचारतंच, "म्हणजे तुम्ही मराठी नाही, ख्रिश्चन?" गेल्या वर्षी अहमदनगरकडच्या एका काकूंनी असल्या प्रश्नावर शांतपणे विचारलं, "घरी भाकरी थापताना मी कोण असते?" विचारणारा गप्प. काकू यंदा गणपतीच्या स्वयंपाकाला होत्या, वांग्याची भाजी त्यांचीच. नाताळच्या कार्यक्रमात ना. वा. टिळकांची दोन मराठी भजनं म्हणावीत, असं त्यांनी सुचवलंय. कमिटीत आमचं मत हो. बैठक पुढच्या रविवारी आहे, येणाऱ्यांनी जरूर यावं.