पुलाला लाल रंग लावताय, पण कोणता?

डोंबिवलीत रेल्वेरुळांवरून जाणारा कोपरचा उड्डाणपूल धोकादायक ठरून सप्टेंबर २०१९मध्ये बंद झाला; नवा खुला झाला ७ सप्टेंबर २०२१ला. मधली दोन वर्षं डोंबिवलीच्या पूर्व-पश्चिमेने कशी काढली, ते पर्यायी ठाकुर्लीच्या पुलावर अडकलेल्यांना विचारा. पूल पाडायची वेळ आली की सगळे बोलतात. रंगकाम चालू असताना मात्र डब्यात काय आहे, हे कुणी विचारत नाही. ते विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

१. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा त्याला लागते, म्हणून सळई गंजली की काँक्रीट आतून फुटतं. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड धातूला घट्ट चिकटून त्याचं रक्षण करतं. गंजाचे पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. इथे तर शेजारी खाडी, वर चार महिने पाऊस. रंग हवाच.

२. पण रंगाआधी लोखंडाला लावायचं लाल अस्तर एका जातीचं नसतं. साधं रेड ऑक्साइड हे गंजाचंच सख्खं भावंड, गेरूतलंही तेच. ते फारसं विषारी नाही. दुसरा शेंदरी रंग शिशाच्या ऑक्साइडचा, म्हणजे शेंदूरच. जवसाच्या तेलात कालवून तो पिढ्यान्‌पिढ्या पुलांना लावला गेला, कारण गंज रोखण्यात तो खरोखर उत्तम. भारतीय मानक १०२ त्याचंच आहे. तिसरं, मानक २०७४चं, रेड ऑक्साइडमध्ये झिंक क्रोमेट मिसळलेलं. त्यातला क्रोमियम कर्करोगकारक. वाळल्यावर ओळखून दाखवा!

३. कायदा आहे, पण अर्धा. रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा २०१६चा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. तो फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. औद्योगिक रंग त्याबाहेर. म्हणजे घराच्या खिडकीच्या गजाला नियम, आणि पादचारी पुलाच्या ज्या कठड्याला धरून पोरं जिना चढतात त्याला नाही?

४. खरा धोका जुना रंग काढताना. कोरडं घासलं की शिशाची धूळ उडते. गॅस कटरने रंगासकट लोखंड कापलं की वाफा निघतात. तोंडाला रुमाल बांधून काम करणारा मजूर ती धूळ कपड्यांवरून घरी नेतो. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

५. पर्याय बाजारात आहेत: झिंक फॉस्फेटचं अस्तर, इपॉक्सी. महाग पडतं, हे कंत्राटदाराचं नेहमीचं उत्तर. पूल दोन वर्षं बंद ठेवणं स्वस्त होतं का?

६. रुळांवरचा भाग रेल्वेचा, पोहोचरस्ते पालिकेचे; या वाटणीत प्रश्न हरवतो. म्हणून मागणी दोघांकडेही. निविदेत अस्तराचं नाव आणि ‘शिसं व क्रोमेट नाही’ ही अट. खरवडण्याआधी जुन्या रंगाची शिशासाठी चाचणी. शिसं निघालं तर ओलं करूनच घासणं, खाली ताडपत्री, मजुरांना योग्य मास्क, आणि गोळा झालेला चुरा नाल्यात न लोटता घातक कचरा म्हणून पाठवणं. शेवटी जिन्याच्या तोंडाशी पाटी: कोणतं अस्तर, कधी लावलं, पुढचं रंगकाम कधी.