जुने गडी केव्हां सोडावे?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वक्तृत्वमंडळाच्या एका बैठकीकरितां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं जो विषय निवडला, तो पाहून मला प्रथम हसूं आलें. हरत चाललेल्या हॉकी-संघानें आपले जुने, बचावाचे गडी दुसऱ्या संघांस देऊन टाकावे कीं नाहीं, असा तो विषय होता. आमचे एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त टोरांटो शहरीं राहतात. ते सुटींत आले असतां त्यांनीं मुलांस तिकडील बर्फावरच्या हॉकीचे सामने पडद्यावर दाखविले, आणि तेव्हांपासून आमच्या मैदानांत चिखल असो कीं धूळ, मुलांच्या तोंडीं बर्फाच्याच गोष्टी!

वाद चांगला रंगला. एकानें म्हटलें, बैल थकण्याआधींच त्याला बाजार दाखवावा, यांतच शेतकऱ्याचें शहाणपण. त्यावर दुसरा उसळून म्हणाला कीं, ज्यानें वीस वर्षें घर राखलें त्याला वेशीबाहेर घालविणें हा शुद्ध कृतघ्नपणा होय. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मी अध्यक्षस्थानीं असल्यामुळें मला मत देतां आलें नाहीं, तें येथें देतों. माझ्या मतें दोघेही चुकले. बैलवाला थोडा कमी चुकला.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द. बर्फावर एका वेळीं गोलरक्षक धरून सहा गडी असतात. तिघे चढाईचे, दोघे बचावाचे. चेंडूऐवजीं पक नांवाची कठीण रबराची चकती असते. बचावाच्या गड्याला पुष्कळ वेळां समोरून वेगानें येणाऱ्या प्रतिपक्ष्याकडे तोंड करून उलटें घसरत जावें लागतें, आणि घाई न करतां त्याचा डाव ओळखावा लागतो. ही विद्या वयानें येते. म्हणून चढाईचा मुलगा विशीच्या आंत चमकतो, पण बचावाचा गडी उशिरां पिकतो; आणि म्हणूनच अजिंक्यपदाच्या जवळ आलेल्या संघास असा पिकलेला गडी हवाहवासा वाटतो. त्याची किंमत येते ती येथून.

नॅशनल हॉकी लीगमध्यें आज 32 संघ आहेत. 2025-26 पर्यंत साधारण हंगामांत प्रत्येकाचे 82 सामने होत असत, आणि त्यांतून 16 संघ बादफेरींत जाऊन स्टॅन्ले कपासाठीं झुंजतात. संघ आपसांत गड्यांची अदलाबदल करितात. जुन्या गड्याच्या बदल्यांत तरुण गडी, किंवा दरवर्षीं होणाऱ्या नवोदितांच्या निवडींतील आपली पाळी देतात. हंगामाच्या उत्तरार्धांत एक तारीख ठरलेली असते, तिच्यापुढें व्यवहार केल्यास तो गडी त्या वर्षींच्या बादफेरींत उपयोगी पडत नाहीं. 2005 सालापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादाही घातलेली आहे. तेव्हां एका वृद्ध गड्याचा मोठा पगार म्हणजे दोन तरुणांची अडलेली जागा. माणसांची अदलाबदल हा शब्दच आपल्या कानांस खटकतो, आणि तो खटकावाच. परंतु हे गडी नियम जाणून करारावर सही करितात, भरघोस वेतन घेतात, आणि कित्येकांच्या करारांत त्यांच्या संमतीवांचून त्यांना हलवितां येणार नाहीं असें कलमही असतें.

आतां रेमंड बोर्क याची गोष्ट सांगतों. मुलांच्या वादांत तिचा उल्लेखही झाला नाहीं, याचें मला नवल वाटलें. हा 1979 सालीं, अठराव्या वर्षीं, बॉस्टन ब्रुइन्स संघांत आला आणि वीस वर्षें तेथेंच खेळला. उत्कृष्ट बचावाच्या गड्यास मिळणारा नॉरिस चषक त्यानें पांच वेळां मिळविला. 1988 व 1990 सालीं संघास अंतिम फेरींत नेलें, पण दोन्ही वेळां एडमंटनपुढें हार खाल्ली. 1987 सालीं त्याच्या अंगावरील सात हा आंकडा एका जुन्या नामांकित खेळाडूच्या सन्मानार्थ राखून ठेवावयाचा ठरला, तेव्हां त्यानें भर समारंभांत सदरा काढून त्याच्या हातीं दिला आणि आपण पुढें सत्त्याहत्तर आंकड्यानें खेळूं लागला. असा हा गडी. 1999-2000 चा हंगाम ब्रुइन्सचा हातचा गेला, तेव्हां त्यानें स्वतःच विनंती केली कीं, कप जिंकण्याची आशा असलेल्या संघांत मला जाऊं द्या. 6 मार्च 2000 रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो कोलोरॅडो ॲव्हलांचकडे गेला. पहिल्या वर्षीं तेथेंही कप हुकला. दुसऱ्या वर्षीं, 9 जून 2001 रोजीं, न्यू जर्सीविरुद्ध सातवा व निर्णायक सामना जिंकून तो मिळाला. रिवाजाप्रमाणें कप प्रथम कप्तानानें डोक्यावर उचलावयाचा. पण कप्तान जो सॅकिक यानें तो हातीं घेतला व तसाच बोर्कच्या हातीं दिला. चार दिवसांनीं बोर्क तो कप घेऊन बॉस्टनला आला, आणि नगरमंदिरापुढील चौकांत हजारों लोक त्याच्या स्वागतास जमले. कप दुसऱ्या गांवचा, जयघोष बॉस्टनकरांचा!

कृतज्ञतावादी मुलानें या चौकाकडे पाहावें. गड्याला सोडणें म्हणजे त्याचा अपमान करणेंच असें नाहीं. परंतु बैलवाल्यानेंही हिशेब पाहावा. बॉस्टनला या व्यवहारांत काय मिळालें? ब्रायन रॉल्स्टन हा चांगला चढाईचा गडी मिळाला, त्यानें कांहीं वर्षें उपयोगी सेवा केली. बाकीच्यांचा त्या संघास म्हणण्यासारखा लाभ झाला नाहीं. एकोणचाळिसाव्या वर्षीं याहून अधिक येणार तरी काय? खरा प्रश्न 1997 सालचा आहे. त्या वर्षीं ब्रुइन्स सबंध लीगमध्यें शेवटचे आले. तळाच्या जागेमुळें त्यांना जो थॉर्नटन हा सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या निवडींत मिळाला. तो पिकावयास काळ लागणार हें उघड होतें, आणि बोर्क तेव्हां छत्तीस वर्षांचा होता. दोघांचे उत्तम दिवस एका वेळीं येणें नव्हतें. त्या उन्हाळ्यांत त्याला समोर बसवून विचारलें असतें, तर त्याला कपाच्या दोन-तीन संधी अधिक मिळाल्या असत्या आणि बॉस्टनला दामही चांगला आला असता. तो नको म्हणाला असता, असेंही कोणी म्हणेल. म्हणाला असता तर ठेवावयाचा. विचारण्यास पैसे पडत नाहींत.

न्यू यॉर्क रेंजर्सनीं तर याहून वाईट केलें. ब्रायन लीच हा त्यांच्या 1994 सालच्या विजयाचा मानकरी. 1997 नंतर सलग सात हंगाम हा संघ बादफेरीबाहेर राहिला, तरी दर वर्षीं नामांकित पण उतरत्या वयाचे गडी भारी पगारावर आणून 'यंदा जमेल' असें म्हणत राहिला. अखेर 3 मार्च 2004 रोजीं लीचला टोरांटोस पाठविलें. त्या दिवशीं त्याचा छत्तिसावा वाढदिवस होता. पुढचा सारा हंगाम मालक व खेळाडू यांच्या तंट्यांत रद्द झाला, त्यानंतर एक वर्ष तो बॉस्टनला खेळला, आणि संपलें. सात वर्षांत कोणत्याही एका शरदांत हा निर्णय शांतपणें घेतां आला असता.

शिकागोचें उदाहरण अगदीं ताजें आहे. 2010, 2013 व 2015 असे तीन कप त्या संघानें डंकन कीथ व ब्रेंट सीब्रुक या बचावाच्या जोडीच्या बळावर जिंकले. तिसरा कप ताजा असतांना तीस वर्षांच्या सीब्रुकला आठ वर्षांचा नवा करार दिला, आणि त्यांत त्याला हलवूं नये असें कलम घातलें. तो कृतज्ञतेचा करार होता. तो करितांना सर्वांचे डोळे मागें होते. 2018 सालीं संघ दहा वर्षांत प्रथमच बादफेरीस मुकला. सीब्रुकला कोणी घेईना. दुखण्यांनीं त्याचें खेळणें 2019 च्या डिसेंबरांत थांबलें, तरी करार शिल्लकच! कीथला आपल्या मुलाच्या जवळ राहावयाचें होतें, म्हणून 2021 सालीं त्याला एडमंटनला जाऊं दिलें हें योग्यच झालें, पण त्या वेळीं तो अडतिशीच्या उंबरठ्यावर होता, आणि बदल्यांत एक तरुण गडी व तिसऱ्या फेरींतील एक निवड एवढेंच हातीं आलें.

मला या लोकांस हंसण्याचा अधिकार नाहीं. शाळेच्या हॉकी-संघाची देखरेख माझ्याकडे असतांना मीं एका विद्यार्थ्यास, त्याचा गुडघा दुखावला आहे हें ठाऊक असून, वर्षभर बॅकच्या जागीं खेळविलें. त्यानें पूर्वीं आम्हांस ढाल जिंकून दिली होती, आणि त्याला बसावयास सांगण्याचा मला धीर झाला नाहीं. खालच्या वर्गांतील एक चपळ मुलगा तोंवर कडेला उभा राहून पाणी देत राहिला. पुढच्या वर्षीं पहिला शाळा सोडून गेला, दुसऱ्यास खेळण्याची संवय नव्हती, आणि पहिल्याच सामन्यांत आम्हांवर सहा गोल झाले. मी त्याला दया म्हणत होतों. खरें पाहतां ती माझी भीड होती.

मात्र लवकर विकलें म्हणजे लवकर फळ येतें, असेंही नाहीं. ऑटावा सेनेटर्स 2017 सालीं अंतिम फेरीपासून एका गोलावर होते. दुसऱ्याच वर्षीं ते तळाशीं गेले, आणि 2018 च्या सप्टेंबरांत त्यांनीं आपला कप्तान एरिक कार्लसन यास, तो केवळ अठ्ठावीस वर्षांचा असतांना, सान होजेकडे दिलें. बदल्यांत मिळालेल्या एका निवडींतून पुढें टिम श्टुट्सले हा मोहरा हातीं लागला. तोही सान होजेचा संघ अनपेक्षितपणें कोसळला म्हणून. तरी ऑटावाला पुन्हां बादफेरी दिसावयास 2025 साल उजाडलें. एवढा धीर ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांनीं जुना गडी विकून लोकांस नव्या युगाच्या गप्पा सांगूं नयेत. आणि सारेच जुने एकदम काढूं नयेत. एक तरी राहूं द्यावा, नाहींतर एकोणीस वर्षांच्या पोरास बर्फावर शेजारीं कोण उभें राहून सांगणार कीं आतां पुढें जाऊं नकोस?

तेव्हां माझें म्हणणें असें कीं, गड्याचें वय किती हा पहिला प्रश्न नव्हे. आपले तरुण पिकून संघ पुन्हां झुंजण्याजोगा होईल, त्या दिवशीं हा गडी उपयोगी असेल काय, हें प्रथम विचारावें. उत्तर नाहीं असें आलें तर निर्णय नाताळच्या आधीं घ्यावा. लागोपाठ पांच सामने हरल्यावर, लोक ओरडत असतांना, घेऊं नये. व्यवहाराची तारीख बहुधा मार्चच्या प्रारंभीं येते. मधले दोन महिने गड्याशीं बोलण्यास, त्याचीं मुलें कोणत्या शाळेंत आहेत व बायकोचें म्हणणें काय हें ऐकण्यास, आणि त्याला आवडेल असा संघ शोधण्यास पुरेसे आहेत.