बेटावर जायचं, पण कधी?

सांगली जिल्ह्याला समुद्र नाही, पण बेट आहे. वाळवा तालुक्यात बहे गावापाशी कृष्णेचं पात्र दुभंगतं आणि मधल्या काळ्या खडकावर रामलिंगाचं देऊळ उभं आहे. त्याच्या मागे समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. श्रीराम पूजेला बसले असताना नदीला लोंढा आला, तेव्हा मारुतीने दोन्ही बाहू पसरून पाणी अडवलं, कृष्णा दोन बाजूंनी निघून गेली आणि मध्ये बेट राहिलं, अशी कथा सांगतात. मूर्तीचा पवित्राही पाणी थोपवून धरल्यासारखाच आहे.

दिवाळी झाली की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन येतात, तिकडे कधी यावं? माझं उत्तर ठरलेलं असतं: मार्गशीर्ष ते माघ. पाणी निवळलेलं असतं, खडक उघडे पडतात. काठाने ऊसतोड सुरू असते आणि गुऱ्हाळाच्या काहिलीचा वास रस्त्यावर येतो. मन भरून पाहावं असा हा काळ. खाली भिलवडी, औदुंबर, डिग्रजच्या पट्ट्यात याच दिवसांत मगरी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. दुरून बघितली तर चिखलात पडलेला ओंडकाच वाटते, म्हणून पोरांना पाण्यात उतरू देऊ नका. हौसेपोटी या नदीत जीव गेलेले आहेत.

श्रावणात यायचं म्हणणारेही पुष्कळ. सोमवार, महादेव, हिरवंगार शिवार, सगळं खरं. पण श्रावणात बेटाला पाण्याचा वेढा पडलेला असू शकतो, आणि तो वाळव्याच्या पावसाने पडत नाही, हे बाहेरच्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. सांगली शहरात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जत-आटपाडी, माण-खटावकडे तर त्याहून कमी. उलट महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तिथला थेंब कृष्णा, वेण्णा, कोयनेतून वाहत कराडच्या प्रीतिसंगमावर एकत्र येतो आणि पुढे आमच्या दारात. 105 टीएमसीचं कोयना धरण भरत आलं आणि दरवाजे उचलले, की एक-दोन दिवसांत सांगलीचा घाट पाण्याखाली. डोक्यावर ऊन असतं, अंगण कोरडं असतं आणि नदी मात्र पायऱ्या चढत असते. म्हणून जुलै उजाडला की इथला माणूस स्वतःच्या गावचा पाऊस विचारत नाही. कोयनेच्या पाणलोटातल्या नवजाला किती झाला आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, हेच दोन प्रश्न.

आयर्विन पूल 1929 सालचा. त्याच्यापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2005 साली पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा असा पूर पुन्हा येणार नाही असं आम्ही एकमेकांना सांगितलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि गावातली माणसं बुडाली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पाणी पुन्हा 55 फुटांच्या जवळ आलं. काठावरची कितीतरी गावं त्या दिवसांत बेटं झाली होती, पण त्या बेटांवर कुणी हौसेने गेलं नव्हतं.

पूर बघायला म्हणून भाविक जातात असं एकच ठिकाण मला माहीत आहे, नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचं पाणी गाभाऱ्यातल्या पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडतं, त्या वेळच्या स्नानाला मोठं पुण्य मानतात. तो श्रद्धेचा भाग आहे, आणि तिथल्या मंडळींना नदीची नाडी कळते. परक्याने त्यांचं ऐकूनच पाऊल टाकावं.

आता खरं बोलायचं ते राहायला येणाऱ्यांशी. निवृत्तीनंतर गावाकडे परतणारे, सांगलीत किंवा कराडला नदीच्या जवळ घर बघणारे दरवर्षी भेटतात. ते सगळे हिवाळ्यात येतात. स्वच्छ ऊन, संथ नदी, घाटावरची संध्याकाळ, आणि एजंटही जागा दाखवतो ती याच दिवसांत. अशा वेळी कुठलीही जागा आवडेल! फिरायला हिवाळाच चांगला, पण घर घ्यायला ऑगस्टच चांगला. रस्ता कुठे तुंबतो, ओढ्याचं पाणी कुणाच्या अंगणातून मागे फिरतं, मोटार कुठवर जाते, हे कागदावर दिसत नाही. जलसंपदा खात्याची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर असते, ती जरूर पाहा. पण नकाशा पाहून थांबू नका.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात या. जागेच्या शेजारच्या घराचं दार वाजवा आणि 2019 ला पाणी कुठवर आलं होतं, ते विचारा. भिंतीवर हात ठेवून दाखवतील, मग 2005 चं आणि 2021 चंही सांगतील. ते ऐकल्याशिवाय इसाराचा एक रुपया देऊ नका.