जिथे उभे आहात, तिथूनच लिहा

आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या कथास्पर्धेचं परीक्षण यंदा माझ्याकडे होतं. खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ अशा तालुक्यांतून कथा आल्या होत्या. त्यातल्या बहुतेक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये घडत होत्या. खिडकीबाहेर पाऊस, हातात कॉफीचा मग आणि नायिकेच्या मनात जुनं प्रेम. लिहिणारी मुलं मात्र अशा गावांतली, जिथे पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसावं लागतं. भाषा चांगली होती, शेवटी धक्काही होता. पण वरचं नाव झाकलं तर कोणती कथा कुणाची, हे सांगता आलं नसतं. कथेत यापेक्षा मोठा दोष मला दिसत नाही.

निकालानंतर एक मुलगा भेटायला आला. त्याच्या कथेत लंडनचा गुप्तहेर होता. बोलता बोलता कळलं, की त्याचे वडील गलाईवाले. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. याचे वडील तमिळनाडूत आणि तो सुट्टीत तिकडे जाऊन-येऊन. म्हणाला, "ताई, आमच्या दुकानात संध्याकाळी हातपाय धुतलेलं पाणीसुद्धा गटारात सोडत नाहीत. पिंपात साठवतात. झाडलेला केर पोत्यात भरून ठेवतात, मग तो जाळून, गाळून त्यातलं सोनं काढतात." वडील गावी आले की आई त्यांचे शर्ट वेगळे काढते, तेजाबाने भोकं पडलेले. ती भोकं मोजून वडिलांनी यंदा किती काम केलं याचा अंदाज ती बांधते. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पण यात कथा कुठंय?"

मला अक्षरशः पोटात कालवलं. लंडनचा गुप्तहेर जगात हजारो जणांनी लिहिला आहे. जिथे केरालाही भाव आहे आणि घरचा माणूस मात्र वर्षातून काही दिवसच दिसतो, ते घर आतून पाहिलेला हा मुलगा. त्याने ते लिहिलं नाही, तर दुसरं कोण लिहिणार? त्याला हे साधं वाटतं, कारण तो त्यात वाढला. आपल्याला रोज दिसतं ते सगळ्यांनाच दिसत असेल, असा एक समज असतो. त्या समजापायी किती कथा लिहायच्या राहून जातात.

मी एसटीत कंडक्टर आहे आणि दिवाळी अंकांतून कथा लिहिते. म्हणून गाडीतलंच सांगते. ड्रायव्हरला आरशातून गर्दी दिसते, खिडकीतल्या प्रवाशाला माळरान दिसतं आणि मला दिसतात ते हात. कुणाची नोट घामाने ओली, कुणाची चार घड्या घातलेली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत झाला, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आधार कार्डं माझ्यापुढे येऊ लागली. कितीतरी जणांची जन्मतारीख एकच, १ जानेवारी. खरी कुणालाच ठाऊक नव्हती.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. पण मशीन हातात असलेल्या मला आणखी एक गोष्ट दिसली. पूर्वी नवरा दोन तिकिटं काढायचा आणि बायको खिडकीतून बाहेर बघत बसायची. आता फुल आणि हाफ अशी दोन वेगळी तिकिटं निघतात. बाजारच्या दिवशी आटपाडीच्या गाडीत एका बाईंच्या मालकांनी दोघांचे पैसे पुढे केले. तिने त्यांचा हात बाजूला सारला, कमरेची पिशवी सोडली, नाणी मोजून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "त्येंचं त्येंनी काढावं. माझं हाफ मी काढते." मालक काही बोलले नाहीत. तिने तिकीट घडी करून पिशवीत ठेवलं, पिशवीची नाडी दोनदा ओढली आणि मगच खिडकीकडे तोंड केलं. यावर मी कथा लिहिली. ती सवलतीची कथा नाही, त्या नाडीची आहे.

माझ्या जागेला मर्यादाही आहे. माणूस गाडीत चढल्यापासून उतरेपर्यंतच मला भेटतो. दवाखान्यात निघालेल्या म्हातारीला डॉक्टर काय म्हणाला, ते मला कळत नाही. मग मी ते लिहीत नाही. माझ्या कथा थांब्यावर संपतात, आणि त्यामुळेच त्यांना आकार आला असं मी मानते. नवीन लिहिणारे याकडे फारसं लक्ष देत नाहीत. आपल्याला काय दिसत नाही, हेही आपल्या नजरेचाच भाग आहे. ते झाकण्यासाठी कल्पनेची ठिगळं लावली की कथा तिथेच उसवते.

व्यंकटेश माडगूळकर आमच्याच आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. माणदेश त्यांच्या अंगात मुरलेला होता. तरी 'बनगरवाडी' (१९५५) लिहिताना त्यांनी गोष्ट कुणा धनगराच्या तोंडून सांगितली नाही. वाडीत नव्याने आलेला तरुण मास्तर ती सांगतो. त्याला वाडी कळत जाते तशी ती आपल्यालाही कळते. कुठे उभं राहून बघायचं, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

यावर कुणी म्हणेल, आपलंच लिहायचं तर कल्पनाशक्ती कशाला? तर याच माडगूळकरांची 'सत्तांतर' बघा. ती वानरांच्या टोळ्यांची गोष्ट आहे, आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माडगूळकर काही वानर नव्हते. पण रानात तासन्‌तास बसून जनावर बघायची सवय त्यांची स्वतःची होती. विषय परका असला तरी चालतो, नजर उसनी चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. एका संपादकांनी माझी कथा परत पाठवली आणि कळवलं, "कंडक्टर बाईचं दुःख आलं पाहिजे." मी ते घातलं नाही. 'स्वतःचं लिहा' याचा अर्थ 'आपली जखम उघडून दाखवा' असा आजकाल सर्रास लावला जातो. बाईने लिहिलं तर सोसणं, शेतकऱ्याने लिहिलं तर कर्ज आणि आत्महत्या, एवढंच आमच्याकडून अपेक्षित असतं. दुःख असेल तिथे ते यावंच. पण माझ्या नोकरीने मला हिशेब शिकवला, माणसं पारखायला शिकवलं, सुट्टे नसले की तिकिटामागे बाकी लिहून द्यायची आणि उतरताना ती आठवणीने परत करायची सवय लावली. तीही माझीच नजर आहे. बाहेरच्यांनी ठरवून दिलेलं दुःख मी लिहू लागले, तर मीही त्या फ्लॅटमधल्या कॉफीपाशीच जाऊन पोचेन.

स्पर्धा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, की 'पाऊस', 'आई', 'पहिलं प्रेम' असे विषय देणं थांबवा. 'माझ्या घरच्या धंद्यात घडलेली गोष्ट' असा विषय द्या. परीक्षकांनी सफाईदार वाक्यांना गुण देण्याआधी ही गोष्ट दुसऱ्या कुणाला लिहिता आली असती का, हे तपासावं. आणि तुम्ही रात्रपाळीच्या नर्स असाल, मागावर जॉबर असाल, रेशन दुकानात मापाला बसत असाल, तर तुम्हाला तिथून जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच मजकूर मागवतात. आत्ताच लिहायला घ्या आणि पाठवा.