टेबल माझं, मांडणी दुसऱ्याची

गेल्या मंगळवारी क्लायंटला डेमो देत होतो. मधेच मेल उघडली, ती थेट प्रोजेक्टरवर! ठळक अक्षरात दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर, आणि शेजारी माझा मॅनेजर. असो. व्हायचं ते झालं.

उबुंटू अपग्रेड करण्याआधी हे झालं नसतं. एक्स११ वर डेव्हिल्सपायला एकदा नियम लिहून दिला होता: मेल कायम लॅपटॉपच्या स्क्रीनवर. विषय संपला. पण २०२५ च्या २५.१० पासून उबुंटूच्या ग्नोममध्ये एक्स११ सेशनच नाही, फक्त वेलँड. तिथे डेव्हिल्सपायला वेलँडच्या खिडक्या दिसतच नाहीत.

म्हणे सुरक्षा! मान्य. एक्स११ वर कुठलंही ॲप्लिकेशन दुसऱ्यात काय टाईप होतंय ते चोरून वाचू शकतं. ते दार बंद केलं, उत्तम केलं. पण मंडळी, चोराबरोबर घरमालकालाही बाहेर काढलं, त्याचं काय?

आणि 'वेलँडवर शक्यच नाही' हे तर ऐकवूच नका. केडीई प्लाझ्मात टायटलबारवर राईट क्लिक करून खिडकीचे नियम ठरवता येतात, तेही वेलँडवर. स्वेमध्ये कॉन्फिग फाईलीत एक ओळ पुरते. ग्नोममध्ये मात्र एक्स्टेंशन शोधा, पुढच्या व्हर्जनला ते मोडलं की परत शोधा.

डेस्कटॉप साधा ठेवा, हरकत नाही. पण सेटिंग्जच्या कोपऱ्यात नियमांचं एक पान द्या. राजीनाम्याची बातमी मॅनेजरला कधी सांगायची, ते मी ठरवीन ना राव!