सोंगटीवर कोरलेला शब्द

२०२१ च्या एप्रिलमध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या अमेरिकन पत्त्यांच्या खेळातील एक पारिभाषिक संज्ञा बदलण्यात आली. पत्त्याच्या कोपऱ्यात रंगीत चिन्हांनी छापलेली किंमत एका आकड्यात आणली की त्या आकड्याला ‘कन्व्हर्टेड माना कॉस्ट’ म्हटले जाई. ‘स्ट्रिक्सहेवन’ या संचापासून त्याला ‘माना व्हॅल्यू’ म्हटले जाऊ लागले. खेळाची एकही चाल या बदलाने बदलली नाही. तरीही दोन-दोन दशके हा खेळ खेळत आलेल्यांपैकी अनेकांना हे नाव रुचले नाही, आणि ‘सीएमसी’ हे जुन्या संज्ञेचे आद्याक्षरी रूप त्यांनी बोलण्यात तसेच चालू ठेवले.

चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाकडे अशा विरोधासाठी एक उत्तर तयार असते. सोस्यूरने भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली आणि लाकडी सोंगट्यांच्या जागी हस्तिदंती सोंगट्या आणल्याने खेळाच्या व्यवस्थेला काहीही होत नाही असे दाखवून दिले. मराठी वाचकाला हे पटवण्यासाठी सोस्यूरचीही गरज नाही. इंग्रज ज्या सोंगटीला ‘बिशप’ म्हणतो तिला मराठी माणूस उंट म्हणतो, इंग्रजांची राणी इकडे वजीर असते, आणि या धर्मगुरूच्या उंट होण्याने तिरक्या चालीत घराचाही फरक पडत नाही. तेव्हा चिन्हक यादृच्छिक आहे, मूल्य व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, आणि नावासाठी भांडणारा खेळाडू स्मृतिरंजनात अडकलेला आहे, असा निष्कर्ष काढून अभ्यासक मोकळा होतो.

हा निष्कर्ष सोयीचा असला तरी चुकीचा आहे, आणि चूक मुळात दृष्टांताच्या निवडीत आहे. बुद्धिबळाच्या उंटावर काहीही लिहिलेले नसते. त्याची चाल खेळाडूंच्या डोक्यात आणि नियमांच्या पुस्तकात असते. सोंगटी मुकी असते. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ नेमका याच्या उलट तत्त्वावर उभा आहे. येथे प्रत्येक पत्ता आपला नियम स्वतःच्या अंगावर वागवतो, आणि पत्त्यावरचे वाक्य व सर्वसाधारण नियम यांच्यात विरोध आला तर पत्त्यावरचे वाक्य प्रमाण, हा खेळाचा पायाभूत दंडक आहे. वेगवेगळे असे पंचवीस हजारांहून अधिक पत्ते आजवर निघाले आहेत. त्यांतून सामान्यतः साठ पत्त्यांची आपली गड्डी रचून खेळाडू समोरच्यापुढे बसतो तेव्हा तो वाक्यांचा एक संग्रह घेऊन बसलेला असतो. गड्डीला या खेळात ‘लायब्ररी’ म्हणतात आणि वापरून झालेले पत्ते ‘ग्रेव्हयार्ड’मध्ये जातात. रूपक दोन जादूगारांच्या द्वंद्वाचे आहे, पण ग्रंथसंग्रहाचे नाव येथे अगदीच अनाठायी नाही. अशा खेळात संज्ञा बदलणे हे सोंगटीचे लाकूड बदलण्यासारखे मानता येत नाही, कारण सोंगटी शब्दांचीच केलेली आहे.

याचा पुरावा खेळाच्या इतिहासातच आहे. २००९ मध्ये ‘मॅजिक २०१०’ या संचाबरोबर शब्दांची मोठी उलथापालथ झाली. ‘इन प्ले’ या निराकार स्थानाला ‘बॅटलफील्ड’ म्हणजे रणभूमी हे नाव मिळाले आणि ‘रिमूव्ह्ड फ्रॉम द गेम’, खेळातून काढून टाकलेला, या लांबट शब्दप्रयोगाच्या जागी ‘एक्झाइल’, हद्दपारी, हा एकच शब्द आला. दुसऱ्या बदलाचे समर्थन करणे सोपे होते. ‘काढून टाकलेले’ पत्ते परत आणण्याच्या कितीतरी युक्त्या तोवर खेळात आलेल्या होत्या, तेव्हा ते नाव खोटे पडलेच होते. परंतु २००२ च्या ‘जजमेंट’ संचात ‘बर्निंग विश’सारखे काही पत्ते होते, ज्यांच्या बळावर खेळाडूला ‘खेळाबाहेरचा’ आपला पत्ता हाती घेता येई. जे खेळातून काढले ते खेळाबाहेर गेले, हा शब्दांचा सरळ अर्थ. म्हणून असा काढलेला पत्ताही या इच्छापत्त्यांनी परत मिळवता येत असे. हद्दपारी हे मात्र खेळाच्या आतलेच एक स्थान ठरले. नाव बदलले आणि त्यासरशी इच्छापत्त्यांची पोच आखडली. ‘बर्निंग विश’वरील ‘खेळाबाहेरचा’ पत्ता मिळवून देणाऱ्या वाक्यातला एक शब्दही न बदलता त्या पत्त्याची शक्ती कमी झाली, कारण दुसऱ्याच पत्त्यांवरील शब्द बदलला होता. मूल्य व्यवस्थेतील स्थानावरून ठरते हे सोस्यूरचे म्हणणे येथे खरेच ठरते. पण नाव बदलल्याने स्थान हलत नाही, हे त्याच्या नावावर खपवले जाणारे म्हणणे खोटे पडते. जुन्या खेळाडूंच्या कुरकुरीला ‘केवळ शब्दांचा वाद’ म्हणणाऱ्याने या उदाहरणाला उत्तर द्यावयास हवे.

अर्थात जुन्या खेळाडूंची बाजू मांडताना त्यांचे सर्वच युक्तिवाद उचलण्याचे कारण नाही. त्यांचा सर्वांत आवडता युक्तिवाद ‘मूळ शब्दा’चा आहे आणि तो सर्वांत दुबळा आहे. मंत्र टाकण्याच्या क्रियेला १९९३ च्या पत्त्यांवर ‘कास्ट’ हे क्रियापद होते. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीने ते काढून ‘प्ले’ आणले. २००९ मध्ये ‘कास्ट’ परत आले. त्या वर्षी ‘प्ले’च्या रक्षणासाठी उभा राहिलेला खेळाडू अवघ्या दहा वर्षांची परंपरा राखत होता, आणि तीही अशी की जिने आधीच्या परंपरेला हुसकावून लावले होते. ‘कन्व्हर्टेड माना कॉस्ट’चीही गोष्ट वेगळी नाही. पहिल्या वर्षांतले खेळाडू ‘कास्टिंग कॉस्ट’ म्हणत. त्यांच्या दृष्टीने ‘सीएमसी’ हीच घुसखोरी होती. प्रत्येकाचे ‘मूळ’ म्हणजे तो ज्या वर्षी पहिल्यांदा खेळायला बसला ते वर्ष, एवढाच या मूळवादाचा अर्थ उरतो. शिवाय नवी संज्ञा अधिक नेमकी आहे हेही मान्य करावे लागेल. खेळाडू प्रत्यक्षात मोजतो ती किंमत सवलतींनी कमी होते, अधिभारांनी वाढते. छापील चिन्हांवरून निघणारा आकडा मात्र तोच राहतो. त्याला ‘किंमत’ म्हणणे नवशिक्याला चकवणारे होते. जुन्या संज्ञेतल्या ‘रूपांतरित’ या विशेषणात चिन्हांवरून आकड्याकडे जाण्याच्या क्रियेची आठवण होती, ती नव्या संज्ञेत नाही. पण नियम समजण्यास ती अत्यावश्यक होती असे कोणी म्हणू नये.

मग या विरोधात राखण्यासारखे काय आहे? ते शब्दांच्या गुणवत्तेत शोधून सापडणार नाही. ते सापडते संहितेच्या मालकीच्या प्रश्नात, आणि साहित्यसमीक्षेचा या वादाशी खरा संबंध येथे येतो.

१९९३ च्या पहिल्या संचातील ‘काउंटरस्पेल’ या पत्त्यावर ‘इंटरप्ट’ असा प्रकार छापलेला आहे. सहाव्या आवृत्तीने हा प्रकारच रद्द केला, त्यातले पत्ते ‘इन्स्टंट’ या प्रकारात विलीन केले, ‘बरी’ म्हणजे पुरणे हे क्रियापद मोडीत काढले आणि प्राण्यांच्या पत्त्यांवरचा ‘समन’ हा आवाहनवाचक शब्दही पुसला. पुसला म्हणजे पुढच्या छपाईत आला नाही एवढेच नव्हे. आधी विकलेल्या पत्त्यांवरही तो, छापलेला असूनही, नाही असे धरायचे. प्रमाण संहिता पत्त्यावर नसते, कंपनीने राखलेल्या नोंदीत असते, आणि त्या नोंदीचे नाव ‘ओरॅकल’ आहे. कौल लावणाऱ्या देवतेचे हे नाव ज्याने सुचवले त्याला अधिकाराचे मर्म बरोबर कळले होते असे म्हणावे लागेल. वाचकाच्या हातातली, त्याने पैसे मोजून घेतलेली प्रत काहीही म्हणो; अर्थ कौलात आहे.

बार्थने लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवली त्याला अर्धशतक उलटून गेले. त्या द्वाहीवर पोसलेल्या समीक्षेने या खेळाकडे जरा निरखून पाहावे. येथला लेखक जिवंत आहे, संस्थारूपाने अमर आहे, आणि पुढचे लिहून न थांबता विकून झालेल्या प्रतींतले शब्दही तो बदलतो. मराठी अभ्यासकाला शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांची येथे आठवण होईल, पण ती फरक स्पष्ट करण्यापुरतीच उपयोगी आहे. एकनाथांपुढे पाठभेदांनी बिघडलेल्या प्रती होत्या आणि त्यांची दृष्टी मागे, ग्रंथकर्त्याच्या शब्दाकडे होती. या कंपनीपुढे स्वतः छापलेल्या, छपाईत बिनचूक असलेल्या प्रती आहेत, आणि तिची दृष्टी पुढच्या ग्राहकाकडे आहे.

यावर उत्तर असे येते की स्पर्धेत दोघांनी एकच वाक्य वाचले पाहिजे. एकाच्या हाती १९९४ ची आणि दुसऱ्याच्या हाती २०२० ची संहिता असेल तर निवाडा कोण करणार? हे उत्तर बिनतोड आहे. निवाड्यासाठी एक संज्ञा लागते आणि ती ठरवण्याचा अधिकार कोणाला तरी द्यावा लागतो. पण तो अधिकार निवाड्यापुरता. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी म्हटले आहे की घट हवा असणारा कुंभाराच्या घरी जाऊन घट मागतो, पण शब्द वापरू इच्छिणारा वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही. कंपनीने आपण वैयाकरण आहोत एवढे म्हणावे. ती कुंभार असल्यासारखी वागते तेव्हा विरोध होतो आणि तो व्हावयासच हवा. वस्तुतः तिलाही हे कळलेले दिसते. १९९४ च्या ‘अँटिक्विटीज’ संचात ‘मिलस्टोन’ नावाचा पत्ता होता. तो प्रतिस्पर्ध्याच्या गड्डीतले वरचे पत्ते थेट ग्रेव्हयार्डमध्ये टाकत असे. खेळाडूंनी जात्याच्या तळीवरून क्रियापद बनवले, ‘मिल’, दळणे, आणि नियमांच्या पुस्तकात त्याला थारा नसताना पाव शतकाहून अधिक काळ तेच वापरले. पत्त्यांवर मात्र तोच लांबलचक वर्णनपर शब्दप्रयोग छापला जात होता. २०२० मध्ये ‘मिल’ अधिकृत झाले. त्या वेळी नवशिक्यांच्या सोयीचा कैवार जसा कंपनीने घेतला तसा तो खेळाडूंनी सव्वीस वर्षे आधीच घेतला होता, हे कोणी मोठ्याने म्हटले नाही. याच्या उलट ‘लॉर्ड’ हा प्राणिप्रकार २००७ मध्ये यादीतून गेला, तरी आपल्या जातीच्या इतरांना बळ देणाऱ्या पत्त्याला खेळाडू ‘लॉर्ड’च म्हणत आले.

एका ठिकाणी मात्र जुन्या खेळाडूंच्या बाजूने उभे राहता येत नाही. जून २०२० मध्ये कंपनीने वंश आणि संस्कृती यांविषयी अवमानकारक ठरवून सात जुने पत्ते खेळातून बाद केले. त्यांत १९९४ च्या ‘लेजंड्स’ संचातला ‘प्रदेश जिप्सीज’ हा पत्ता होता. ‘प्रदेश’ हा शब्द तिथे केवळ पौर्वात्य झालर म्हणून लावलेला पाहून भारतीय वाचकाला हसू येईल. ‘जिप्सी’ शब्दाने ज्यांना हिणवले जाते त्या रोमा लोकांना ते येणार नाही. २००७ पासून पत्त्यांवर असलेला ‘ट्रायबल’ हा प्रकारही नंतर ‘किंड्रेड’ झाला. याही बदलांना तोच सवयीचा विरोध झाला, आणि येथे तो पोकळ होता. टेबलापाशी बसलेल्यांच्या शब्दांवर टेबलापाशी बसलेल्यांचा हक्क, हे म्हणणे जो शब्द टेबलाबाहेरच्याला लागतो त्याच्याबाबत टिकत नाही. सवयीच्या हक्काचा आणि दुखावण्याच्या हक्काचा गोंधळ करणाऱ्यांनी ‘सीएमसी’वाल्यांचे प्रकरण विनाकारण कमकुवत केले आहे, आणि कंपनीची सर्वच नामांतरे नैतिक असल्याचा आभास निर्माण करण्यास हातभार लावला आहे.

जुन्या खेळाडूला पुराणमतवादी म्हणणाऱ्या अभ्यासकाने त्याचे वाचन एकदा पाहावे. त्याच्या हाती १९९३ चा पत्ता असतो. त्यावर ‘इंटरप्ट’ छापलेले असते, ते तो ‘इन्स्टंट’ असे वाचतो. दुसऱ्या पत्त्यावर ‘बरी’ असते, त्याचा आज कोणता अर्थ घ्यायचा हे त्याला ठाऊक असते. शेजारच्या नवख्या खेळाडूशी तो तिसऱ्याच परिभाषेत बोलतो. तीन थरांची संहिता तो एका नजरेत वाचतो. विद्यापीठांतून याला पाठचिकित्सा म्हणतात आणि ती शिकवायला दोन सत्रे लागतात. नवे शब्द त्याला येत नाहीत म्हणून तो विरोध करतो, ही समजूत त्याला खेळताना न पाहिलेल्यांची आहे. ते शब्द त्याला येतात. निवाड्याच्या वेळी तो तेच उच्चारतो.

२००९ मध्ये ‘बॅटलफील्ड’ला नाके मुरडली गेली होती. पुढच्या पंधरा वर्षांत ‘एंटर्स द बॅटलफील्ड’ हा शब्दप्रयोग हजारो पत्त्यांवर छापला गेला, आणि ‘ईटीबी’ हे त्याचे आद्याक्षरी रूप रोजच्या बोलण्यात रुळले. ऑगस्ट २०२४ च्या ‘ब्लूमबरो’ संचापासून तिथे नुसते ‘एंटर्स’ छापले जाते. ‘ईटीबी’तील शेवटच्या दोन अक्षरांना आता नव्या पत्त्यावर शब्द उरलेला नाही, बोलण्यात ती तीनही आहेत.